नऊ पीएल आणि एक रानपिंगळा

डलासचा क्लायंट एल्कच्या शिकारीसाठी सहा वर्षं पॉइंट्स जमवतो. आपण रजा जमवतो. मग आपणही एकदा ‘शिकारी’ला जायला काय हरकत आहे? बंदुकीशिवाय, आणि थेट नंदुरबारच्या सातपुड्यात!

‘‘ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे मी नाही. फोन लागणार नाही, मेल बघणार नाही. प्रॉडक्शन डाऊन झालं तरी मला शोधू नका.’’

हिंजवडीतल्या माझ्या मैत्रिणीच्या टीमला तिच्या डलासच्या क्लायंटने सोमवारच्या कॉलवर हे ऐकवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, ऑपरेशन असणार. किंवा दुसरं लग्न. तसं काहीच नव्हतं. साहेबांना वायोमिंग राज्यात एल्कच्या शिकारीचं लायसन्स लागलं होतं. ‘लागलं’ हाच शब्द बरोबर, कारण ते म्हाडाच्या घरासारखं सोडतीत लागतं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेतला थोरला चुलतभाऊ. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो, आणि सप्टेंबरात माजावर आला की डोंगर दणाणून सोडणारी लांबलचक शीळ घालतो. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे बेसुमार शिकारीने हा प्राणी बहुतेक ठिकाणांहून संपत आला होता. मग कायदे कडक झाले, यलोस्टोनच्या परिसरातले कळप पकडून दुसऱ्या डोंगरांत नेऊन सोडले गेले आणि दर वर्षी कुठल्या भागात किती जनावरं मारायची याचा हिशेब सरकार ठेवू लागलं. जनावरं मोजकी, हौशी लोक फार. त्यातून निघाली पॉइंट्सची भानगड.

फंडा असा. तुम्ही बाहेरच्या राज्यातले असाल तर वायोमिंगमध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करायचा. नंबर लागला नाही तर पन्नासेक डॉलर भरून एक पॉइंट खात्यावर जमा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पॉइंट. परराज्यातल्यांच्या वाट्याची पंचाहत्तर टक्के लायसन्सेस जास्त पॉइंट्सवाल्यांना आधी मिळतात, उरलेली पंचवीस टक्के सरळ लॉटरीने, म्हणजे काल जन्मलेल्या हौशीलाही थोडी आशा. ज्याला घाई आहे आणि खिसा जड आहे त्याच्यासाठी जास्त फीची वेगळी रांगही आहे. (व्हीआयपी दर्शन सगळीकडेच असतं तर!) गंमत म्हणजे राज्याराज्यांत नियम वेगळे. न्यू मेक्सिकोत पॉइंट्सच नाहीत, सगळा नशिबाचा खेळ. कोलोरॅडोत बरीच वर्षं परराज्यातला माणूस काही भागांसाठी धनुष्यबाणाच्या शिकारीचं लायसन्स चक्क काउंटरवरून विकत घेऊ शकायचा. २०२५ पासून बहुतेक ठिकाणी तेही बंद झालं. आणि सगळ्यांत छळणारी गोष्ट अशी की, दर वर्षी सगळ्यांचेच पॉइंट वाढत असल्याने चांगल्या जागेचा ‘कटऑफ’ही वर सरकत राहतो. अकरावीच्या अ‍ॅडमिशनसारखं. तुम्ही पाचवर पोचता तेव्हा तिथे सात लागतात.

तर क्लायंटसाहेबांनी सहा वर्षं पॉइंट जमवले. वर्षभर लंच अवरमध्ये पाठीवर वाळूची पिशवी घेऊन ऑफिसचे जिने चढले, कारण एल्क राहतो आठ-दहा हजार फुटांवर आणि मारलाच तर त्याचं मांस पाठीवरून खाली आणावं लागतं. ते डोंगरात टाकून येणं हा गुन्हा आहे. रात्र-रात्र सॅटेलाइट नकाशे बघून पाणवठे शोधले. वायोमिंगचा एक नियम पाठ केला की, परराज्यातल्याने सरकारने ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेल्या भागात वाटाड्याशिवाय किंवा तिथल्या रहिवाशाशिवाय एल्क मारायचा नाही. मग गेले. नऊ दिवस राहिले. आणि हात हलवत परत आले.

पॉइंट्स? शून्य. लायसन्स लागलं की खातं साफ, जनावर मिळो न मिळो.

‘‘आणि तरी बाबा खूश होता गं!’’ मैत्रीण मला सांगत होती. ‘‘अर्धा तास स्टेटस कॉल सोडून बर्फाबद्दल बोलत होता.’’ मग एक क्षण थांबून म्हणाली, ‘‘माझ्या नऊ पीएल मार्चला लॅप्स होतायत. एचआरचा मेल आलाय. आपण कुठेतरी जाऊ या का? गोवा सोडून.’’

आपली शिकार कुठली?

आपल्याकडे शिकारीचं लायसन्स हा विषय कधीच संपलाय. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ मध्ये. त्यातही सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याची फट शिल्लक होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. आज पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला हात लावलात तर तीन ते सात वर्षं आत. त्यामुळे आमच्या शिकारीत हत्यारं दोनच होती, दुर्बीण आणि कॅमेरा. पण बाकी सगळं क्लायंटसारखंच करायचं, असं ठरलं. एकच प्राणी निवडायचा, दुर्मीळ. त्याचा अभ्यास करायचा. त्याच्या मुलखात जायचं. आणि मिळाला नाही तर रडायचं नाही.

मी शहाद्याजवळ वाढले, त्यामुळे प्राणी कुठला हे माझ्यासाठी आधीच ठरलेलं होतं. आमच्या तालुक्याने एकदा जगभरच्या पक्षीवाल्यांची झोप उडवली होती. ताडोब्याच्या वाघिणीची टोपणनावं तोंडपाठ असलेल्या पुण्यातल्या मित्रांना याचा पत्ताही नसतो, याचा मला कॉलेजपासून राग आहे.

रानपिंगळा. वीतभर उंचीचं घुबड. १८७२ मध्ये ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात तो पहिल्यांदा मिळवला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ह्यूमने, हो, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच ह्यूम, त्याला ब्लुइटचं नाव दिलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे होता. त्याने १८८० ते १८८४ या काळात इथून काही नमुने गोळा केले. (तेव्हा पक्ष्याचा अभ्यास म्हणजे आधी त्याला गोळी घालणं.) जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे नमुने जेमतेम सात. आणि १८८४ नंतर तो गायबच झाला.

गायब म्हणजे, जवळजवळ. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका बड्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दावा केला होता की, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला त्याने एक मारला. नाव मोठं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. १९७० च्या दशकात डिलन रिप्ले आणि आपले सालिम अली यांनीही हा पक्षी शोधून पाहिला, सापडला नाही. बहुतेकांनी त्याला मेलेल्यांच्या यादीत घातलं.

मग आली पामेला रास्मुसेन. ही अमेरिकन संशोधिका संग्रहालयातले जुने नमुने तपासत होती आणि तिच्या लक्षात आलं की, माइनर्ट्झहागेनचा पक्षी काहीतरी वेगळंच बोलतोय. तो मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनने खान्देशात मिळवलेला एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून लंपास करून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून तो खपवला होता! ही चोरी तिने नायजेल कॉलर यांच्याबरोबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पण त्याच्या आधी तिने त्यातून एक साधा, हुशार निष्कर्ष काढला. १९१४ चं पान फाडून टाकायचं आणि फक्त खऱ्या नोंदी जिथल्या आहेत तिथेच शोधायचं.

नोव्हेंबर १९९७. रास्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे जुने नमुने मिळालेल्या जागा पालथ्या घालत शहाद्याजवळच्या डोंगरात पोचले. २५ तारखेला सकाळी, लख्ख उजेडात, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. ११३ वर्षांनी. माझा स्वतःचा शहाद्याबद्दलचा अभिमान इथून सुरू होतो.

प्लॅन ए, बी आणि वेडेपणा

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकते. तुम्हाला फक्त रानपिंगळा ‘टिक’ करायचा असेल तर नंदुरबारला जायची गरज नाही. १९९७ नंतर संशोधकांनी खूप पायपीट केली. बीएनएचएसच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा, तोरणमाळ, मेळघाटात तो नोंदवला. पुढे मध्य प्रदेशातल्या खंडवा-बऱ्हाणपूरच्या सागवानी जंगलांत त्याचे चांगले पट्टे मिळाले. आणि २०१४ मध्ये तो चक्क मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात निघाला, लोकलच्या शेवटच्या स्टेशनापासून फार लांब नाही. २०१८ मध्ये त्याचा जागतिक दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला तो या नव्या जागा सापडल्यामुळेच. म्हणजे पक्षी वाढले असं नाही, आपल्याला ते जास्त ठिकाणी दिसले.

पण क्लायंटने टेक्सासातल्या कुंपणाआडच्या हरणांवर भागवलं असतं का? नाही ना. मग आम्हीही थेट खान्देश गाठायचं ठरवलं.

महिना निवडणं हे अर्ध काम आहे. हा पक्षी घुबड असून दिवसा वावरतो, आणि सागाची पानं दाट असतील तर तुम्ही खालून शंभर फेऱ्या मारा, तो वरून तुमची मजा बघेल. त्यामुळे पावसाळ्यात हिरवाईचे फोटो काढायला खुशाल जा, पिंगळ्यासाठी नको. नोव्हेंबरपासून पानं विरळ व्हायला लागतात, सकाळच्या थंडीत तो उघड्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि बोलतोही. आम्ही जानेवारीचा शेवट धरला. माझी चूक तिथेच झाली, ते पुढे.

दुसरं काम, त्याला ओळखणं. आपल्या गावागावांतला साधा पिंगळा, आंब्याच्या ढोलीतून मान खालीवर करून टकामका बघणारा, हा त्याचा भाऊबंद. साध्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरंशुभ्र आणि पाय अंगाच्या मानाने भलतेच दांडगे. त्या पायांनी तो सरडे आणि उंदीर उचलतो. आम्ही महिनाभर रोज रात्री दोघांचे फोटो एकमेकींना पाठवून ‘ओळख पाहू’ खेळत होतो. माझा स्कोअर सांगत नाही.

तिसरं काम, परवानगी आणि माणूस. राखीव जंगलात आपल्या मनाने घुसायचं नसतं. वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारा, लेखी लागत असेल तर लेखी घ्या, आणि गावातला वाटाड्या घ्याच. वायोमिंगचा तो नियम मला म्हणूनच आवडला.

प्रवास सोपा आहे, फक्त लांब. पुण्याहून नाशिक-धुळेमार्गे रात्रभर बसने शहादा. मुंबईकरांना सुरतवरून भुसावळकडे जाणारी रेल्वे नंदुरबारला सोडते. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत जीप सातपुड्याला भिडते आणि घाटाची वळणं घेत तोरणमाळला चढते. उंची साडेतीन हजार फुटांच्या वर, मधोमध यशवंत तलाव, कडेला सीताखाई. राहण्याच्या सोयी मोजक्या, मोबाइलची रेंज मूडवर. नंदुरबारवरून जात असाल तर शहराबाहेर मिरचीच्या पथारी बघायला थांबा. एकरच्या एकर लाल जमीन. आमच्या हिंजवडीकर मॅडम तिथे पाच मिनिटं शिंकत होत्या, फोटो मात्र सुंदर आलेत.

पहिला दिवस, दुसरा दिवस

जागेचं नाव मी लिहिणार नाही. घरट्याची जागा एकदा फोटोग्राफर मंडळींत फिरली की, तिथे ट्रायपॉडची जत्रा भरते, हे आपण बाकीच्या पक्ष्यांच्या बाबतीत पाहिलंय.

आमचा वाटाड्या साठीचा पावरा आजोबा. आम्ही त्यांना ‘बाबा’ म्हणत होतो, ते आम्हाला ‘पोरी’. पहाटे सहाला चहा पाजून ते आम्हाला सागात घेऊन गेले. पायाखाली वाळलेली सागाची पानं म्हणजे पापडाच्या डब्यावर चालणं. एक पाऊल टाकलं की अर्ध्या डोंगराला वर्दी.

पहिल्या दिवशी आठच्या सुमाराला मैत्रिणीने माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला. घुबड! समोर! डोकं... ठिपकेदार. साधा पिंगळा. बाबा गालात हसले.

दुसऱ्या दिवशी तोही नाही. दुपारी एका झाडाखाली भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा खाताना बाबा बोलते झाले. त्यांच्या लहानपणी पोरांच्या कमरेला गलोल असायचीच. तितर, कबुतर, ससा, जे मिळेल ते. तीर-कामठा मोठ्यांचा. घुबडाला कुणी खायचं नाही, पण त्याचा आवाज घराजवळ आला तर दगड मारून हाकलायचे. अपशकुन. आता? ‘‘आता पोरांकडं मोबाइल,’’ ते म्हणाले.

मी विचारलं, जंगल तेव्हा जास्त होतं का? माझ्या डोक्यात पुण्यातल्या लेखांतलं वाक्य तयार होतं, ‘अतिक्रमणामुळे अधिवास धोक्यात’ वगैरे. बाबांनी सरळ हाताने तळोद्याची दिशा दाखवली. त्यांची बहीण तिकडे राहते. नर्मदाकाठचं तिचं गाव सरदार सरोवरात गेलं. महाराष्ट्रातली ३३ गावं अशी बुडिताखाली आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्या माणसांना वसवायला १९९० च्या दशकात तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर जंगल मोकळं करण्यात आलं. सोमावल, रोझवा या वसाहती तिथल्याच.

तळोदा. म्हणजे रानपिंगळ्याचाच मुलूख. ज्या दशकात जगाला तो पुन्हा सापडला त्याच दशकात त्याच्या घराचा एक मोठा तुकडा दुसऱ्या बेघरांना दिला गेला. यात खलनायक म्हणून कुणाकडे बोट दाखवायचं, मला खरंच कळत नाही. बहिणीचं शेत बरं पिकतं, बाबा म्हणाले, पण तिला अजून नदी आठवते. आम्ही दोघी गप्प बसून ठेचा खाल्ला. तो इतका तिखट होता की डोळ्यांत पाणी यायला निमित्त मिळालं.

फोनमधला आवाज

त्या रात्री आमचं भांडण झालं. मैत्रिणीच्या फोनमध्ये रानपिंगळ्याची हाक डाऊनलोड केलेली होती. जंगलात ती लावली की नर आपल्या हद्दीत कोण घुसलंय बघायला धावत येतो. फोटो मिळतो, हमखास. बरेच जण करतात.

‘‘एकदाच,’’ ती म्हणाली. ‘‘तीस सेकंद. उद्या शेवटचा दिवस आहे, माझी रजा संपली.’’

इथे माझी ती चूक. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा ऐन विणीचा मोसम. मी पानगळीचा हिशेब केला आणि घरट्यांचा विसरले. मादी ढोलीत बसलेली असते, तिला खाऊ घालायचं काम नराचं. त्याला खोट्या शत्रूच्या मागे पळवलं तर तेवढा वेळ तो शिकार करत नाही, आणि उघड्यावर आला की शिक्र्याची नजर त्याच्यावर. हे सगळं मी तिला ऐकवलं, जरा जास्तच चढ्या आवाजात. ती म्हणाली, मग आपण या दिवसांत आलोच कशाला? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सडेतोड प्रश्न होता. नोव्हेंबरात यायला हवं होतं.

शेवटी तिने फाइल डिलीट केली, आणि पाठ करून झोपली.

तिसऱ्या दिवशी आम्ही फारसं बोलत नव्हतो. त्याचा फायदा असा की, पहिल्यांदाच जंगलात खरी शांतता होती. साडेसातला बाबा थांबले आणि त्यांनी बोट कानाला लावलं. लांबून एक आवाज. साध्या पिंगळ्यासारखी चिरचिर नाही. दोन तुकड्यांची मऊ शीळ. थांबून पुन्हा एकदा. आम्ही पानं चुकवत, दगडांवरून, अर्धा तास त्या दिशेने सरकत राहिलो. आवाज बंद झाला. मी वैतागून खाली बसले आणि बॅगेतून पाण्याची बाटली काढू लागले.

‘‘वर बघ,’’ मैत्रीण कुजबुजली.

मी झाकण लावलं, चष्मा पुसला, मान वर केली. सागाच्या उघड्या शेंड्यावरून काहीतरी गुबगुबीत, पांढऱ्या पोटाचं सरळ खाली झेपावलं आणि उतारापलीकडे गेलं. दोन सेकंद. मला तेवढंच मिळालं.

तिला पूर्ण मिनिटभर मिळाला होता. कोरं डोकं, पिवळे डोळे, शेपटी या बाजूला त्या बाजूला झटकत होता म्हणे. फोटो काढला का? नाही. कॅमेरा गळ्यात होता, पण हात वर करायचं सुचलंच नाही. बाबांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं नाही. तो जिकडे गेला तिकडे घर असेल, म्हणाले, आणि आल्या वाटेने परत वळले.

शहाद्याला बसची वाट बघत शेवभाजी खाताना तिने क्लायंटला मेल टाकला. उत्तर लगेच आलं, डलासमध्ये तेव्हा सकाळ होती. यंदाचा अर्ज त्याने भरलाय; पुन्हा शून्यापासून.

‘‘माझं खातं आता शून्य,’’ मैत्रीण शेवेचा शेवटचा चमचा चाटत म्हणाली. ‘‘तुझा मात्र एक पॉइंट धरू. दोन सेकंदांचा पक्षी मोजत नाहीत.’’

नोव्हेंबरच्या तारखा मी बाबांना कळवून ठेवल्यात. तिच्या पीएल एप्रिलपासून पुन्हा जमायला लागतील.